सगळ्या चौकटींत खूण

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार पोचला असं समज आणि पुढे वाच, कारण मला भांडायचं आहे.

लेकीने तिचा जुना लॅपटॉप तुला दिला, तू तो जेवणाच्या टेबलावर खिडकीकडे तोंड करून मांडलास, सगळं वाचून बरं वाटलं. मग खाली तू लिहितेस, ‘अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकदम दाबायला सांगितलं, आणि मुंग्यांचे मुंगळे झाले.’ अख्ख्या पत्रात हे एकच वाक्य तू हसत लिहिलं आहेस. मला तुझं अक्षर कळतं. हसू आलं की तुझी वेलांटी उजवीकडे पळते.

कोण हे घड्याळजी? इतकी वर्षं तू त्यांच्या दुकानावरून जातेस-येतेस, एकदाही पत्रात आले नाहीत. आता एकदम वर येऊन कंट्रोल दाबायला लागले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे वेळच वेळ असणार म्हणा. पण मला विचारायचंस. सूनबाई घरून काम करते, तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत आला आहे. आणि ज्याने उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याला अक्षर लहानमोठं करणं कळत नाही असं वाटलं का तुला?

तर एक युक्ती माझ्याकडून. एखादं पान आवडलं की वर पत्त्याच्या ओळीच्या टोकाला चांदणी असते. तिच्यावर टिचकी मारायची. चांदणी भरते आणि ते पान तुझं होतं, पुन्हा शोधत फिरायला नको. मला ती चांदणी दिसली आणि गुरुजी आठवले. शनिवारचा शेवटचा तास, तुझा वर्ग नि माझा वर्ग एकाच खोलीत, पुढे आम्ही, मागे तुम्ही मोठे. गुरुजी स्वतः रचलेली कविता फळ्यावर लिहायचे, दोनदा वाचायचे आणि स्वतःच्या हाताने पुसून टाकायचे. वहीत उतरवायची नाही. सोमवारी जो ती पहिल्यांदा घडाघडा म्हणेल, त्याच्या नावावर कविता. फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर त्याचं नाव.

पुलाची कविता माझ्या नावावर लागली तो सोमवार मला अजून लख्ख दिसतो.

पूल विचारी नदीला, ‘कुठे एवढी घाई?’
नदी म्हणाली, ‘मागे वळून बघता येत नाही.’

पुढचं तुला पाठ आहे. सगळा वर्ग गप्प होता आणि मी एकटा म्हणत होतो. तेव्हा घड्याळजी नव्हते.

तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

पोपटा,

भांडण मिळालं. जागा करून ठेवून दिलं आहे.

पत्र छापील पाहून दचकू नकोस. मी बोलले आणि मशीनने लिहिलं. माइकचं चित्र दाबायचं आणि बोलत सुटायचं. मध्येच शिंकले तर त्याने ‘आकाश’ लिहिलं, ते तेवढं खोडलं. छापून घड्याळजींनी दिलं, त्यांच्या दुकानात बिलांसाठी छापायचं यंत्र आहे. माझा उजवा अंगठा हल्ली पेन धरला की कुरकुरतो, तुला सांगितलं नव्हतं. जन्मभर इंजेक्शनं दिली, त्याचं व्याज असेल.

चांदणी मला माहीत होती. तरी तू सांगितलीस म्हणून पुन्हा एकदा टिचकी मारून पाहिली. आता तू माझ्याकडून दोन घे. चुकून टॅब बंद झाला तर कपाळाला हात लावत बसायचं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि टी, गेलेला टॅब परत येतो. आणि लांबलचक पानात एक शब्द हवा असेल तर कंट्रोल आणि एफ. चौकट उघडते, शब्द लिहायचा, किती ठिकाणी आहे ते मशीन मोजून सांगतं. वॉर्डात अशी सोय असती तर माझी निम्मी नोकरी वाचली असती.

पासवर्डबद्दल घड्याळजींचं म्हणणं मला फार पटलं. ते म्हणाले, ‘सिस्टर, पासवर्ड अवघड नको, लांब हवा. तुम्हाला विसरता येणार नाही आणि दुसऱ्याला सुचणार नाही. नाव नको, जन्मतारीख नको. कुठेही छापून न आलेली एखादी ओळ असेल तर बघा.’ मी म्हटलं, अशी एक ओळ माझ्याकडे आहे. गुरुजींची. तीच ठेवली. कोणती ते त्यांनी विचारलं नाही, उलट मी टाइप करताना तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले.

दुपारी सध्या एक काम चालू आहे. नोंदी ठेवायचं एक पान सापडलं आहे, त्यात खातंबितं उघडावं लागत नाही. पान उघडलं की कालचं बोललेलं जिथल्या तिथे. दुपारी दुकान मिटलं की घड्याळजी वर येतात, कॉफी घेतात आणि ऐकत बसतात. काय काम ते तुला मार्चअखेर कळेल.

आणि हो. पुलाची कविता तू एकट्याने म्हटलीस म्हणे. शेवटच्या ओळीपाशी पोपटाची चोच उघडी राहिली होती, तेव्हा मागच्या बाकावर ओठ कोण हलवत होतं?

ताई


२२ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावर तुझं अक्षर आणि आत दुसऱ्याची शाई. दार ओळखीचं आणि घरात भलताच माणूस, असं झालं. अंगठ्याचं मला आधी का नाही सांगितलंस? शेकतेस का? का त्यावरही घड्याळजींकडे किल्ली आहे?

ओळ कोणती ठेवलीस? सुईच्या कवितेतली असणार. ती तुला आवडायची, तू भांडी विसळताना म्हणायचीस. मला सांगायला हरकत नाही. गुरुजींच्या फळ्यापुढे मीही बसलो होतो. घड्याळजी नव्हते बसले.

तुझ्या दोन्ही युक्त्या करून पाहिल्या. कंट्रोल शिफ्ट टीने सूनबाईचा, मी मागच्या आठवड्यात बंद केलेला, कुठलातरी टॅब परत आला. ती म्हणाली, ‘बाबा, हे कुठून शिकलात?’ मी म्हटलं, आमच्या ताईकडून. तिला फार कौतुक वाटलं. मला किती वाटलं ते सांगत नाही, कारण युक्ती तुझी की त्यांची, हे मला ठाऊक नाही.

आता माझ्याकडून एक भारी युक्ती. नीट वाच, कारण ही घड्याळजी तुला कधी सांगणार नाहीत. आपण ब्राउझरमध्ये जिथे जिथे जातो तिथली धूळ त्यात साठत राहते. आपली साठते, आणि आपल्या मशीनवर येऊन बसणाऱ्या परक्या माणसाचीही साठते. काय शोधलं, कुठे गेले, कशाला हात लावला. घर झाडतो तसा ब्राउझरही झाडावा. वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत जा, ‘ब्राउझिंग डेटा पुसा’ असं असेल ते उघड. काळ विचारेल, तिथे ‘सुरुवातीपासून’ निवड. खाली चौकटी आहेत, त्या सगळ्यांत खूण कर. सूनबाई म्हणाली की साठलेल्या चित्रांच्या चौकटीत खूण केली तरी पुरे, बाकीच्यांना हात लावू नका. पण अर्धी खोली झाडून केर दाराआड लोटणारी माणसं आपल्या घरात कधी नव्हती. सगळ्या चौकटींत खूण कर आणि पूस. फळा कसा काळाभोर, स्वच्छ होईल. मग त्यावर आपण दोघं लिहू.

दुपारचं काम काय आहे? मार्चअखेर फार लांब आहे. ऐकायला ते बसतात आणि वाट मी बघतो.

तुझा भाऊ


९ मार्च

पोपटा,

हाताने लिहिते आहे. अंगठा दुखतो आहे, दुखू दे.

तू सांगितलंस तसं केलं. सुरुवातीपासून, सगळ्या चौकटींत खूण. एका क्षणात झालं. मग दुपारी नोंदींचं पान उघडलं, तर ते कोरं.

घड्याळजींना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं की ज्या पानाला खातं लागत नाही, ते आपलं लिहिलेलं स्वतःकडे नेत नाही, आपल्याच ब्राउझरच्या पोटात ठेवतं. मी पोट साफ केलं. कंट्रोल शिफ्ट टीने पान परत येतं, पानावरचं येत नाही. ‘एक प्रत दुसरीकडे ठेवा,’ असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते. मी उद्या-उद्या करत राहिले, ते माझं. तुझ्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर मला जरा बरं वाटलं असतं.

काय काम होतं ते आता सांगते, लपवायला काही उरलं नाही. गुरुजींच्या कविता. आठवतील तशा रोज दुपारी बोलून उतरवत होते. तुझ्या पंचाहत्तरीला सगळ्या छापून, शिवून, पोस्टाने पाठवणार होते. अडलं की घड्याळजींना मोठ्याने म्हणून दाखवायचे, म्हणता म्हणता पुढची ओळ यायची. म्हणून ते बसायचे. कॉफी तर त्यांना आवडतही नाही.

मी जिथे जिथे जायचे त्या सगळ्या जागाही मशीन विसरलं. ज्या खात्यांत आपोआप शिरायचे, त्यांची दारं बंद. तेवढी एक ओळ डोक्यात होती म्हणून परत आत गेले.

सूनबाईने बरोबर सांगितलं होतं आणि तू ते मला लिहिलंही होतंस. मी ते वाचूनही तुझंच ऐकलं, कारण लहानपणापासून तू काही ठासून म्हटलंस की मला ते पाठ असल्यासारखं वाटतं. तुला घड्याळजींचा माग पुसायचा होता. पुसला गेला गुरुजींचा.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र टेबलावर उघडंच ठेवलं आहे. मिटवत नाही.

सूनबाईला सगळं दाखवलं. तिने सुटीचा अख्खा दिवस खर्ची घातला, कुठे कुठे विचारलं. परत येत नाही. शेवटी ती म्हणाली, ‘बाबा, मशीनमधून गेलं. तुमच्यातून गेलंय का?’ मी रागाने उठलो, खोलीत गेलो आणि भिंतीकडे तोंड करून म्हणायला लागलो. कंदिलाची म्हटली, वाटाण्याच्या शेंगेची म्हटली, आंधळ्या न्हाव्याची म्हणताना हसू आलं. सुईची तिसऱ्या कडव्यापाशी तुटली. किती म्हटल्या कोण जाणे, सूनबाई जेवायला बोलावून थकली.

तर आता असं. तिने एक सामायिक डॉक्युमेंट करून दिलं आहे. ते ब्राउझरच्या पोटात राहत नाही, बाहेर राहतं. तिथे तू लिहिलेलं मला लगेच दिसतं आणि मी लिहिलेलं तुला. जतन आपोआप होतं. मागच्या प्रतीही राहतात, कोणी काय बदललं तेसुद्धा दिसतं. एक प्रत ती वेगळी उतरवून ठेवणार आहे, आणि मी छापून ट्रंकेत ठेवणार आहे. यापुढे मला एका जागेवर भरवसा नाही.

लिंक ईमेलने पाठवते म्हणाली. मी म्हटलं, नाही, ही मी माझ्या हाताने पाठवणार. सोबतच्या जाड कागदावर उतरवली आहे. मोठ्या ब्रशने पाट्या करायचो तशी नाही, बारीक ब्रशने, कपड्याच्या दुकानाची शेवटची पाटी रंगवली होती त्या वळणाने. दिवस गेला. जशीच्या तशी टाइप कर.

मला आठवलेल्या मी घातल्या आहेत. सुईचं तिसरं कडवं मोकळं ठेवलं आहे. ते तू घाल.

तुझा भाऊ


२४ मार्च

पोपटा,

लिंक मिळाली. सुंदर आहे. चौकट करून लावण्यासारखी आहे. उघडत मात्र नाही.

अरे, त्यात इंग्रजी लहान एल, मोठा आय आणि एकचा आकडा अशी रांग आहे, आणि तू तिघांनाही सारखीच वळणदार शेपटी काढली आहेस. शून्य आणि ओ तर सख्खी जुळी दिसतात. सकाळभर टाइप करत बसले. ‘असं पान नाही,’ असं मशीन इतक्या वेळा म्हणालं की मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. शेवटी तुला आवडणार नाही ते केलं. कागद खाली नेला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, काट्यांसारखी एकेक शेपटी तपासली, आणि म्हणाले, ‘तुमच्या भावाचा हात थोर आहे. पण ह्या माणसाने घड्याळाची तबकडी कधी रंगवू नये, लोकांच्या गाड्या चुकतील.’ मग उघडली. पुढच्या वेळी ईमेल.

पान उघडलं आणि तुझं सगळं एकाखाली एक. त्यात तुझा कर्सर उभा होता, निळा, लुकलुकत. तू तिथे आहेस आणि काही लिहीत नाहीस, असं कळत होतं. मी खाली माझा उभा केला, हिरवा. तू ‘कंदील’मध्ये एक शब्द चुकलास तो मी बदलला, तू परत केलास, मी परत बदलला. मग तू सोडून दिलंस. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझं ऐकलंस आणि तेही आवाज न करता.

अंगठा बरा आहे. शेकते.

ताई


२ एप्रिल

ताई,

पंचाहत्तरी झाली. तुझा फोन आला तेव्हा सगळे भोवती होते, म्हणून बोललो नाही. पत्रात बोलतो.

वाढदिवसाच्या सकाळी डॉक्युमेंट उघडलं. सुईचं तिसरं कडवं भरलेलं होतं.

सुई गेली पुढे पुढे, दोरा मागे राहिला;
गाठ नव्हती शेवटाला, कुणीच नाही पाहिला.

पुन्हा पुन्हा वाचलं. ताईने घातलं म्हणून डोळे पुसले. मग मला उगीच हौस आली, तू ते कधी लिहिलंस बघावं. मागच्या प्रती उघडल्या. तिथे तुझं नाव नाही. तिथे घड्याळाच्या दुकानाचं नाव आहे.

म्हणजे तू त्यांना आत घेतलंस. त्यांचा कर्सर तांबडा आहे, तोही पाहिला, काल संध्याकाळी न्हाव्याच्या कवितेत हिंडत होता. मी काही लिहिलं नाही, नुसता बघत राहिलो. तोही थांबला. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांसमोर लुकलुकत उभे होतो.

ताई, गुरुजींचा नियम तुला माहीत आहे. ज्याला पाठ, त्याची कविता. मी फळ्यापुढे बसलेला, मला ते कडवं आलं नाही. ज्याने आपली शाळा पाहिली नाही, फळा पाहिला नाही, त्याला आलं. मग सुईची कविता आता कोणाच्या नावावर? कोपऱ्यात कोणाचं नाव लिहायचं? मला हे विचारायला लाज वाटते आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

डॉक्युमेंट माझ्या नावाने आहे. कोणाला लिहिता येईल आणि कोणाला नुसतं बघता येईल ते मला ठरवता येतं, अशी एक सोय आहे. चांगली सोय आहे.

तुझा भाऊ


१० एप्रिल

पोपटा,

घड्याळजींना आता पान उघडता येतं, लिहिता येत नाही. ‘कुलूप बसलं वाटतं,’ एवढंच म्हणाले आणि खाली गेले. कोणी बसवलं ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि ‘सिस्टर, माझ्याजवळ अजून दोन कडवी आहेत, तुम्ही बोला, मी सांगतो,’ म्हणाले.

तू विचारलंस म्हणून सांगते. ते कडवं मलाही आठवत नव्हतं. फेब्रुवारीत एकदा म्हणता म्हणता ते आपसूक आलं होतं, पुन्हा येईना. त्यांनी एकदाच ऐकलं होतं आणि ठेवलं होतं. मी दुसरी प्रत ठेवली नाही असं तुला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. ती खाली दुकानात, भिंग लावून बसली होती.

तेव्हा सुईची त्यांचीच. गुरुजी असते तर त्यांनी खडू उचलला असता आणि तुझ्याकडे बघून मिशीत हसले असते.

आता रुसून बसू नकोस, आणखी एक ऐक. घड्याळजींना सगळ्या कविता येतात, एक सोडून. ती मी त्यांना म्हणून दाखवली नाही. माइकपुढे बोलले नाही. फेब्रुवारीतही उतरवली नव्हती आणि डॉक्युमेंटमध्येही घालणार नाही. तू घातली नाहीस, तेव्हा मला वाटलं तुला ती इतकी आपली वाटते की लिहायची राहून गेली. राहू दे तशीच. त्या सोमवारी ती तुझ्या नावावर गेली होती. आता तिचं मला रोज काम पडतं.

कोणती, ते पत्रात लिहीत नाही. लिहायचं नसतं. तुला शोधता येतं.

ताई


१५ एप्रिल

ताई,

डॉक्युमेंट उघडलं. कंट्रोल आणि एफ दाबलं. चौकटीत एक शब्द लिहिला. कोणता, ते मीही लिहीत नाही. मशीनने सगळं पान धुंडाळलं आणि सांगितलं, एकदाही नाही.

बराच वेळ ते शून्य बघत बसलो. सूनबाईने दारातून विचारलं, ‘बाबा, काही हरवलं का?’ मी म्हटलं, नाही गं, आहे.

मागच्या बाकावर ओठ हलत होते. मी बघितलं होतं.

घड्याळजींचं कुलूप काढलं आहे. त्यांना लिहू दे. सुईच्या कवितेखाली कोपऱ्यात त्यांचं नाव मी घातलं आहे, सरळ, शेपटी न काढता. त्यांना सांग, त्यांची ती दोन कडवी त्यांनी स्वतःच्या हाताने घालावीत. आणि तू टाइप करताना ते खिडकीबाहेर बघतात, ते तसेच बघत राहू देत.

तुझा पोपट